मामाचे दहा डाव

माझा मामा पन्नासाव्या वर्षी ज्युजुत्सू ही जपानी कुस्तीसारखी कला शिकायला आला, तेव्हा क्लासमधल्या पोरांना वाटलं, कुणाला तरी घरी न्यायला आलेले बाबा आहेत हे. चपला हातात घेऊन तो दाराशी उभा होता आणि चष्मा पडू नये म्हणून त्याने तो मागून नाडीने बांधला होता. क्लासचं नाव घेताना त्याची जीभ अडखळायची, म्हणून घरी तो "कुस्तीला जातो" असंच सांगायचा. मामी म्हणायची, "या वयात कुस्ती? दोन जिने चढलात तर भाता सुरू होतो तुमचा!"

त्याला मीच ओढून आणलं होतं. रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला, आणि हा चालायला म्हणून निघायचा तो कोपऱ्यावरच्या बाकावर बसून परत यायचा. मी त्या क्लासला सहा वर्षं जात होते. म्हटलं, निदान डोळ्यांसमोर राहील.

मामा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसायचा. गिऱ्हाइकांना तो कधी दिसायचा नाही, पण त्यांच्या नाकावर जे बसायचं ते त्याच्या हातचं असायचं. काचेचा मध्य शोधून शाईचा ठिपका द्यायचा, यंत्रावर पाण्याच्या धारेखाली कड घासायची, फ्रेममध्ये बसवायची, तिळाएवढा स्क्रू आवळायचा. प्रत्येक कामाचा एक ट्रे, त्यात दोन काचा आणि नंबरांची चिठ्ठी. सत्तावीस वर्षांत त्याने हजारो जोड्या केल्या असतील. मालक म्हणायचे, "यांना डोळे बांधून बसवलं तरी काच बरोबर बसेल."

घरी मामा, मामी आणि अण्णा. अण्णा म्हणजे मामाचे वडील, माझे आजोबा. ते पोस्टमन होते. कुठल्या घरात कोण राहतं, कुणाचा मुलगा परगावी आहे, कुणाची सून माहेरी गेली आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत पत्रं चुकीच्या दारात पडू लागली. लोक भले. अण्णांना काही न बोलता ते आपापसांत पत्रं बदलून घ्यायचे. त्यामुळे घरी कुणाला पत्ताच नव्हता. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांनी अण्णा भाजी आणायला गेले आणि स्वतःचंच घर त्यांना सापडेना, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. आता एकाहत्तराव्या वर्षी न्हाणीघर कुठल्या दारामागे आहे, हेही त्यांना रोज नव्याने दाखवावं लागायचं. मामाला ते कधी "साहेब" म्हणायचे, कधी "भाऊ", क्वचित त्याच्या नावाने हाक मारायचे. आंघोळ, दाढी, नखं, सगळं मामाच करायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

तर क्लास. लाकडी सामानाच्या दुकानावरचा लांबट हॉल, जमिनीवर निळ्या गाद्या, पंखे तीन आणि चालणारे दोन. शिकवायच्या त्या साठीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. त्यांना सगळे ताई म्हणायचे. पहिल्या पट्ट्याच्या परीक्षेला दहा डाव होते: पडायचे तीन प्रकार, मनगट सोडवायचे चार, मानेची पकड सोडवायचा एक आणि पाडायचे दोन. मामाची जोडी एका सुताराशी लागली. सुतारकाकांचा पंजा म्हणजे शिकंजा.

पडायला मामा लवकर शिकला. पण मनगट सोडवायचे चार डाव काही त्याच्या डोक्यात बसेनात. समोरच्याने उजव्या हाताने आपला उजवा धरला तर एक, डावा धरला तर दुसरा, दोन्ही धरले तर तिसरा, दोन हातांनी एकच धरला तर चौथा. ताई दाखवायच्या तेव्हा मान डोलवायचा. दोन मिनिटांनी सुतारकाकांनी हात धरला की कोरी पाटी. मी जाऊन पुन्हा सांगायची. "मामा, चार बोटं एका बाजूला आहेत आणि अंगठा एकटा. एकट्याच्या बाजूने निसटायचं. चौघांशी कशाला भांडतोस?" तो हसायचा, करायचाही. दुसऱ्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

नवीन माणूस विसरतोच. मीही पहिलं वर्षभर डावं-उजवं करत होते. म्हणून मी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मामा मात्र रोजचं विसरणं मोजत होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्याने दहाही डाव कामाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिले आणि घासायच्या यंत्रावर चिकटवले. काच फिरत असताना तो ओठ हलवत पाठ करायचा. एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका, नुकत्याच निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "हा चष्मा घातला की जिना तिरका दिसतो. काल दोन पायऱ्या चुकले. कठडा हाताशी होता म्हणून वाचले." मालकांनी चष्मा आत पाठवला. मामाने तपासला. उजव्या डोळ्याची काच डावीकडे होती, डाव्याची उजवीकडे.

मालक म्हणाले, "अहो, होतं कधीतरी. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा! पेढे वाटायला हवेत." मामाने काचा बदलून दिल्या. मग पाण्याचा नळ सोडून तो किती वेळ उभा होता, त्याला आठवत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर जिना नव्हता. चुकीच्या दारात पडलेली पत्रं होती.

त्या दिवसापासून तो स्वतःची परीक्षा घेऊ लागला. सकाळी दात घासताना शाळेतल्या वर्गाची हजेरी मनात म्हणायची. बेचाळीस मुलं, क्रमाने. एकोणिसाव्या नंबरावर गाडी अडायची. त्या मुलाचा चेहरा दिसायचा, कानामागची जखम दिसायची, नाव येत नसे. मग पुन्हा पहिल्यापासून. चहा घेताना नातेवाइकांचे फोन नंबर. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या, उलट्या क्रमाने. मामीने विचारलं, "ओठ काय हलवता सारखे? जप सुरू केलाय का?" तो "हो" म्हणाला. माझ्या मामाला खोटं बोलता येत नाही, पण ते त्याने इतक्या सहज सांगितलं, की मामीने खरंच मानलं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे गाद्यांच्या कडेने बसलो होतो. मामा मधोमध, समोर सुतारकाका. तिन्ही पडणी झाली. पहिलं मनगट सुटलं, दुसरं सुटलं. तिसऱ्याला सुतारकाकांनी दोन्ही हात धरले, आणि मामा थांबला.

मी वाट पाहिली. सगळ्यांनीच पाहिली. सुतारकाका पुटपुटले, "खाली... खाली घ्या." मामा स्वतःच्या हातांकडे बघत होता. दुसऱ्या कुणाचे तरी हात आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखा. त्याच्या चेहऱ्यावर लाज असती तर मला काही वाटलं नसतं. तिथे भीती होती, नितळ, लहान मुलासारखी. तो चेहरा मी ओळखत होते. न्हाणीघराचं दार शोधताना अण्णांचा व्हायचा तो.

त्याने हळूच हात काढून घेतले आणि बाहेर निघून गेला.

मी मागोमाग धावले. तो जिन्यात बसला होता, एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"मामा, अरे, पुढच्या महिन्यात पुन्हा देता येते. एवढं काय?"

"अण्णांचं असंच सुरू झालं होतं," तो म्हणाला.

"काहीतरीच!"

"काचा उलट्या बसवल्या मी. एक बाई पडता पडता राहिली. हजेरीतला एकोणिसावा आठवत नाही. आता हे." त्याने हात पुढे केले. "अण्णांचं आपल्याला साठीत कळलं. सुरू कधी झालं होतं, कुणी सांगावं? तुझ्या आईला बोलू नकोस. मामीला तर मुळीच नको."

मी त्याची समजूत काढायला तोंड उघडलं आणि मनात भलताच हिशेब सुरू झाला. अण्णा त्याचे वडील, तसे माझ्या आईचेही. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. आणि आईच्या पोटी मी. तो ज्या जिन्यावर बसला होता, त्याच्याच वरच्या पायरीवर मी उभी होते.

मागे ताई येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि तसं लपवलंही नाही. त्या मामाशेजारी बसल्या.

"रोज किती डावांचा सराव करता?"

"दहाच्या दहा."

"म्हणजे दहा खिळे, प्रत्येकाला एकेक ठोका. भिंतीत एकही जायचा नाही. उद्यापासून एकच डाव. वीस वेळा. दुसऱ्या दिवशी नवीन काही शिकायच्या आधी कालचा करायचा, कुणाकडे न बघता. अडलात तर अडून राहा. लगेच भाचीकडे बघू नका. डोक्याला शोधू द्या. शोधून सापडलेलं टिकतं, दाखवलेलं निसटतं. आणि नावं तुमची तुम्ही ठेवा, माझी नावं कशाला पाठ करता?"

मामाने दुसरी चप्पल पायात घातली.

"आणि डोक्याची शंका असेल तर डॉक्टरकडे जा," ताई उठता उठता म्हणाल्या. "मी मनगटं बघते. डोकी नाही."

डॉक्टरकडे तो गेला नाही. मी दोनदा वेळ ठरवली, दोनदा त्याला दुकानात फार काम निघालं. जोवर डॉक्टरांना विचारलं नाही तोवर कुणी "हो, तोच आजार आहे" म्हणत नाही, असा त्याचा हिशेब. पण ताईंचं म्हणणं त्याने ऐकलं. एक डाव, वीस वेळा. पहिल्याचं नाव त्याने "नळ सोडणे" ठेवलं, दुसऱ्याचं "दार लोटणे", दोन्ही हातांच्या डावाचं "बादली उपसणे". कमरेवरून पाडायच्या डावाला नाव ठेवायची गरजच नव्हती, तो सरळ सरळ धोबीपछाड होता. कधी तो मध्येच अडायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. सुतारकाका हात धरून शांतपणे जांभई द्यायचे. मग मामाचा खांदा हलायचा, आणि हात सुटलेला असायचा. महिन्याभरात सात डाव बसले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

एका रविवारी सकाळी तो अण्णांना आंघोळ घालत होता. अण्णा स्टुलावर, अंगाला साबण लावलेला. मामाने तांब्या उचलला आणि अण्णांना काय दिसलं कोण जाणे. ते ओरडले, "चोर! चोर!" आणि अर्धवट उठून त्यांनी मामाचं मनगट धरलं. चाळीस वर्षं सायकल हाणलेला माणूस. पकड अजून लोखंडाची.

मामाने काहीच ठरवलं नव्हतं, हे त्याने मला नंतर दहा वेळा सांगितलं. हात आपोआप वळला, अंगठ्याच्या बाजूला फिरला आणि झटक्यात सुटला. अगदी अचूक. वीस वेळा केल्यासारखा.

अण्णांचा सगळा भार त्याच पकडीवर होता. आधार गेला आणि ते मागे गेले. ओली फरशी. डोकं नळावर आपटलं.

मामी धावत आली तेव्हा साबणाचा फेस गुलाबी झाला होता, आणि मामा भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात काखेत दाबून उभा होता. अण्णांना मामीनेच सावरलं. कानामागे चार टाके पडले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, दोन बोटं पुढे लागलं असतं तर सांगता आलं नसतं.

माझी आई संध्याकाळी आली ती तणतणतच. "पन्नाशीत कुस्त्या खेळायची हौस! बापावर डाव टाकलास? आणि तू," हे मला, "तूच नेलंस त्याला तिकडे." मामाने मान वर केली नाही. अण्णा पट्टी बांधून पलंगावर बसले होते. त्यांना काहीच आठवत नव्हतं. ते आईला म्हणाले, "साहेबांना ओरडू नका. चांगले आहेत ते."

त्यानंतर मामाने अण्णांना हात लावला नाही. मामी पुसून काढायची, अण्णा तिला ढकलायचे, घरात रोज रडारड. मामा दुकानातून यायचा आणि दुसऱ्या खोलीत बसायचा. आधी त्याला विसरण्याची भीती होती. आता त्याला हातांची भीती वाटायला लागली. मला म्हणाला, "डोक्याला विचारलंसुद्धा नाही गं हातांनी. चहाचा कप उचलतानाही मी बघतो, काय करतायत." क्लास बंद झाला. मी ताईंना सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई घरी आल्या. पाणीही न घेता म्हणाल्या, "धरा माझं मनगट." मामा मागे सरला. "धरा म्हणते ना. मी मोडणार नाही आणि तुम्ही मला खाणार नाही." त्याने धरलं. ताईंनी हात सोडवला, तोच डाव, पण इतका सावकाश की दोरीची गाठ सैल व्हावी तसा. आणि तो सुटायच्या आधीच त्यांचा दुसरा हात मामाच्या पाठीमागे आलेला होता. मामा तोल जाऊन मागे झुकला आणि त्या हातावर टेकला.

"हा उरलेला अर्धा," ताई म्हणाल्या. "सोडवायचं आणि सावरायचं. मी तुम्हाला पहिला अर्धाच शिकवला. परीक्षेला तेवढाच लागतो, म्हणून. चूक माझी आहे."

"पण हात आपोआप—"

"आपोआप होणारच. त्यासाठीच तर घासतो आपण. म्हणून आपोआप काय व्हावं, ते आधी नीट ठरवायचं."

मग सुरू झाला दुसऱ्या अर्ध्याचा सराव, घरातच. अण्णांच्या जागी मामी. ती स्टुलावर बसून मामाचा हात धरायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पहिल्यांदाच स्वतःहून हात धरायला सांगताय. तेही न्हाणीघरात!" मामा हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. सोडवायचं, सावरायचं. वीस वेळा. मग फरशीवर रबरी चटई टाकून. मग ओल्या हातांनी. तीन आठवड्यांनी त्याने पुन्हा अण्णांना आंघोळ घातली. मी दाराबाहेर उभी होते. आत फक्त पाण्याचा आवाज येत होता, आणि मामाचा, "पाय वर घ्या अण्णा... आता दुसरा." त्या दिवशी अण्णांनी हात धरला नाही. पुढे अनेकदा धरला. मामाचा दुसरा हात दर वेळी आधीच पाठीमागे गेलेला असायचा.

डॉक्टरकडे तो त्यानंतर गेला. का तयार झाला, त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला सोबत नेलं. बाहेरच्या खोलीत तो एकोणिसाव्या मुलाचं नाव आठवत बसला होता. आत त्याला घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. मी बाहेर भिंतीवरच्या खऱ्या घड्याळाकडे बघत होते आणि माझ्याही नकळत वजाबाकी करत होते. पासष्टवर अडले.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "आज तरी काळजीसारखं काही दिसत नाही. झोप कमी आहे, आणि भीती फार. भीतीनेही माणूस विसरतो. वर्षाने पुन्हा या."

"पण पुढे?" मामाने विचारलं.

"पुढचं मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

त्याला लेखी हमी हवी होती. मिळाली ती एका वर्षाची तारीख. परत येताना तो बोटांवर काहीतरी मोजत होता. मग म्हणाला, "पाचपैकी चार आले. पाचवा आठवत होता गं, पण बाहेर यायला वेळ लागला." मी म्हटलं, "अडून राहायचं होतंस." "राहिलो," तो म्हणाला. "त्या थांबल्या माझ्यासाठी."

परीक्षा त्याने पुढच्या महिन्यात दिली आणि पास झाला. आठव्या डावाला अडला, डोळे मिटले, सुतारकाकांनी मान धरून ठेवली. हॉलमध्ये कुणी हललं नाही. बरंच थांबून डाव आला. ताईंनी पिवळा पट्टा बांधताना गाठ उलटी मारली आणि मामाने ती त्यांना दाखवून दिली.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. अण्णा मागच्या वर्षी झोपेतच गेले. मामा अजून क्लासला येतो, अजून काचा घासतो. प्रत्येक जोडी बाहेर द्यायच्या आधी दोनदा तपासतो. वर्षाची तारीख जवळ आली की आठवडाभर त्याचं जेवणात लक्ष नसतं, मामीवर खेकसतो, मग तिची माफी मागतो. पण जातो. भीती गेली का, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, "नाही गं. ती आहे तिथेच आहे. सवय झाली तिची."

या वर्षी मी त्याच्यासाठी वेळ ठरवायला दवाखान्यात फोन लावला, तेव्हा आई भाजी निवडत शेजारी बसली होती. मामाला त्या दिवशी "बापावर डाव टाकलास" म्हणणारी माझी आई. हातातली शेंग तशीच ठेवून ती म्हणाली, "परवा गॅसवर दूध ठेवून मी देवळात निघून गेले. तुला सांगितलं नाही." शेंग पुन्हा उचलली. मग म्हणाली, "माझंही नाव दे."

पलीकडून बाई विचारत होती, "किती जण?" मी आईकडे पाहिलं. मग मी दोन म्हटलं.